मांजराच्या पिल्लाचा पाय दुखावलाय? पायाकडं नंतर बघा, आधी पिल्लू बघा

गेल्या पावसाळ्यात कोल्हापूरच्या उद्यमनगरात आमच्या शेजारच्या शेडवाल्यानं सकाळी गाडीला स्टार्टर मारला आणि बॉनेटमधून अशी किंकाळी आली की लेथवरचा पोरगा मशीन बंद करून बाहेर पळत आला. बॉनेट उघडलं तर बॅटरीच्या मागं ग्रीसनं काळं झालेलं मूठभर पिल्लू, मागचा उजवा पाय नुसता लोंबतोय. आपल्याकडं पाऊस लागला की आठ-आठ दिवस ऊन नसतं, मग ही पिल्लं ऊब शोधत इंजिनवर जाऊन बसतात, त्यामुळे जून ते सप्टेंबर गाडी चालू करायच्या आधी बॉनेटवर दोन थापा मारायच्या ही सवय लावूनच घ्या. त्या पिल्लाचं नाव पुढं वायसर पडलं (नटाखाली घालतात तो वायसर, तेवढीच होती), आणि तिला बरं करताना मी ज्या चुका केल्या त्या तुम्ही करू नये म्हणून हे सगळं लिहितोय. मी डॉक्टर नाही, वर्कशॉपवाला आहे. पण डॉक्टरकडं पोचेपर्यंतचं आणि डॉक्टरकडून घरी आल्यानंतरचं काम आपल्यालाच करायचं असतं आणि ते नीट कुणी सांगत नाही.

एक गोष्ट आधीच सांगतो. पाय मोडला म्हणून पिल्लू दगावलं असं फार कमी वेळा होतं. दगावतात ती गारठून, नाहीतर पोटात काही नसल्यामुळे, नाहीतर घरातल्या कुणीतरी मायेनं तापाचं औषध पाजल्यामुळे. म्हणून सगळा क्रम त्याच हिशोबानं लावायचा.

उचलायचं कसं

दुखणारं पिल्लू चावतं, आणि लई जोरात चावतं, दात सुईसारखे असतात. मी आधी वेल्डिंगचे हातमोजे घातले, काही उपयोग नाही, हाताला कळतच नाही आपण किती दाबतोय ते. जाडसर टॉवेल वरून टाकायचा आणि तान्ह्या बाळाला दुपट्यात गुंडाळतात तसं सैलसर गुंडाळायचं, तोंड बाहेर. मानेला धरून लोंबकळत उचलू नका, पाठीला पण मार असू शकतो. गाडीखाली आलंय किंवा उंचावरून पडलंय अशी शंका असेल तर पुठ्ठा किंवा ट्रे शेजारी ठेवून त्यावर हळूच सरकवायचं आणि तसंच न्यायचं.

चावलं किंवा ओरखडलं तर तिथंच नळाखाली साबण लावून १५ मिनिटं धुवायचं, घड्याळ लावून. १५ मिनिटं किती मोठी असतात ते तेव्हा कळतं. आणि त्याच दिवशी इंजेक्शनला जायचं, सीपीआरला (कोल्हापूरचं मोठं सरकारी रुग्णालय) किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात. कातडीत देतात ती रेबीजची लस ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी असते, सगळे डोस पूर्ण करायचे. "एवढंसं पिल्लू आहे, त्याला काय रेबीज" असं आमच्या इथं चार जण म्हणाले. पिल्लाची आई कोण, तिला काय चावलंय, कुणाला माहितीय?

पहिली दहा मिनिटं

पायाला हात न लावता आधी एवढंच बघा. ओठ वर करून हिरड्या बघायच्या, गुलाबी पाहिजेत. पांढऱ्या किंवा निळसर असतील तर अंगातलं रक्त गेलंय किंवा शॉक (अंगात रक्त नीट न फिरणं) आहे. बोटानं हिरडी दाबून सोडायची, पांढरा डाग २ सेकंदाच्या आत परत गुलाबी झाला पाहिजे. मग श्वास मोजायचा, छाती वर-खाली होते ती १५ सेकंद मोजून गुणिले चार. शांत बसलेलं असताना मिनिटाला २० ते ३० ठीक, ४० च्या वर जायला लागला तर काळजी. कुत्र्यासारखं तोंड उघडून धापा टाकत असेल तर हा लेख बंद करा आणि निघा, छातीला मार आहे.

कान आणि पंजे गार लागतायत का बघा. थर्मामीटर असेल तर टोकाला जरा खोबरेल लावून शेपटीखालून तापमान घ्यायचं, नॉर्मल साधारण १००.५ ते १०२.५ फॅरनहाइट. ९९ च्या खाली असेल तर पिल्लू गारठलंय आणि आता सगळ्यात पहिलं काम ऊब देणं. पाण्याच्या बाटलीत कोमट पाणी (हाताला गरम वाटेल पण चटका बसणार नाही असं) भरून बाटली मोज्यात घालून पिल्लाच्या शेजारी ठेवायची, खाली नाही, शेजारी, म्हणजे नको झालं तर त्याला बाजूला सरकता येतं. बाटली गार झाली की काढायची कारण गार बाटली उलट अंगातली ऊब ओढून घेते, हे मला रात्री दोन वाजता कळलं.

गारठलेल्या पिल्लाला खायला-प्यायला द्यायचं नाही. पोट चालत नसतं तेव्हा, आणि गिळताना श्वासनलिकेत जाऊन न्यूमोनिया होतो. फार मलूल असेल तर साखरेच्या पाण्यात बोट बुडवून हिरड्यांना चोळायचं, एवढंच. अंग गरम झालं की मग भरवायचं.

काय करायचं नाही ते (हे घरातल्या सगळ्यांना वाचून दाखवा)

दुखतंय म्हणून आपली गोळी द्यायची नाही. क्रोसिन, कॅलपॉल, कॉम्बिफ्लाम, ब्रुफेन, डायक्लोफिनॅक, ॲस्पिरिन, कुठलीच नाही, लहान मुलांचे ड्रॉप पण नाहीत. पॅरासिटामॉल मांजराच्या लिव्हरला फोडताच येत नाही, त्यासाठी लागणारं एन्झाइमच त्यांच्याकडं अगदी कमी असतं, मग रक्त ऑक्सिजन वाहायचं बंद होतं, हिरड्या चॉकलेटी पडतात, तोंड सुजतं आणि पिल्लू जातं. एका मेडिकलवाल्यानं मला "अहो थेंबभर द्या, काही होत नाही" म्हणून ड्रॉपची बाटली हातात पण दिली होती. चुकून कुणी दिलंच असेल तर वाट बघू नका, काय दिलं, किती वाजता दिलं हे लिहून घेऊन लगेच डॉक्टरकडं. त्यावर औषध असतं पण वेळेत पाहिजे.

डेटॉल नाही. पाण्यात टाकल्यावर पांढरं होतं त्यातलं फिनॉलसारखं द्रव्य मांजराला विषारी, आणि ते जखम चाटणारच. हळद पण नको. आमच्या शेजारच्या आज्जी म्हणाल्या, "आरं हळद दाब, चार दिसात बरं हुतंय बघ." आज्जींचा मान राखून सांगतो, हळदीचा थर बसला की खाली पू आहे का लाली आहे काही दिसत नाही. जखम धुवायला मेडिकलमध्ये सलाइनची बाटली मिळते ती सगळ्यात चांगली. ती नसेल तर अर्धा लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात पाऊण चमचा मीठ. बेटाडिन लावायचंच असेल तर पाण्यात इतकं पातळ करायचं की फिक्क्या कोऱ्या चहाचा रंग येईल.

आणि घरी पट्टी-खपाची बांधायची नाही. माझी पहिली चूक हीच. वर्कशॉपमध्ये सगळं जोडायची सवय, मी आइस्क्रीमची काडी आणि चिकटपट्टी घेऊन बसलो आणि दोन तासात पंजा फुग्यासारखा टम्म, गार. नशीब की बघितलं. हाड धरून ठेवायचं तर त्याच्या वरचा सांधा आणि खालचा सांधा दोन्ही पकडावे लागतात. मांडीच्या हाडाला वरचा सांधा म्हणजे खुबा, तो काडीनं पकडणार कसा? उलट काडीचं सगळं वजन नेमकं मोडलेल्या जागी लोंबतं. शिवाय मांडीचं हाड मोडलेल्या पिल्लाचा पाय सरळ बांधून ठेवला की मांडीचा स्नायू हाडाला चिकटून आखडतो आणि गुडघा जन्मभर वाकत नाही. त्यापेक्षा पाय तसाच राहू दे, पिल्लू लहान खोक्यात ठेवा. फक्त रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापडाची घडी ठेवून ५ मिनिटं दाबून धरायची, मध्ये मध्ये उचलून बघायचं नाही.

मोडलाय की मुरगळलाय?

लोक सांगतात, "बोटं हलवतंय म्हणजे मोडलेला नाही." चूक आहे हे. हाड मोडलेलं असलं तरी बोटं हलतात, बोटं हलवणारी नस (मज्जातंतू) शाबूत आहे एवढाच त्याचा अर्थ. उलट पंजा उलटा पडून वरच्या बाजूनं घासत असेल तर नसेला मार असू शकतो, आणि ते साध्या फ्रॅक्चरपेक्षा अवघड प्रकरण.

पाय पूर्ण उचलून धरलाय, वेडावाकडा दिसतोय, हात लावला की ओरडतंय, तर मोडला असं धरूनच चालायचं. टेकवतंय पण लंगडतंय तर आधी पंजा बघा, दोन बोटांच्या मध्ये काच, बाभळीचा काटा, तुटलेलं नख, आमच्याकडं लेथची बर (धातूची धारदार कपची). दुसरा नेहमीचा प्रकार म्हणजे बोक्याचा चावा. दाताचं भोक वरून लगेच बुजतं, आत घाण राहते, आणि २ ते ४ दिवसांनी अचानक पाय गरम, सुजलेला, ताप, खाणं बंद. तो गळू फोडून साफ करावा लागतो, तुम्ही दाबू नका.

आणखी एक प्रकार सांगतो कारण कोल्हापुरात तो होणारच. पिल्लाला नुसतं बिनहाडाचं मटण नाहीतर चिकन, रोज, दुसरं काही नाही. मांसात फॉस्फरस भरपूर आणि कॅल्शियम जवळजवळ नसतं, मग शरीर हाडांतून कॅल्शियम काढून घेतं आणि हाडं इतकी मऊ होतात की खुर्चीवरून उडी मारली तरी वाकतात, मोडतात. मार लागल्याचं कुणालाच आठवत नाही आणि पिल्लू मात्र लंगडतंय, असं असेल तर काय खायला घालताय ते डॉक्टरना नक्की सांगा.

जखम उघडी असेल तर माशा. पावसाळ्यात एका दिवसात अळ्या पडतात. गावाकडं गुरांच्या जखमेत टर्पेंटाइन, कापूर, डांबरगोळी घालतात, मांजराच्या बाबतीत यातलं प्रत्येक विषारी आहे. अळ्या दिसल्या तर त्याच दिवशी डॉक्टर.

डॉक्टरकडं

आधी फोन करून दोन गोष्टी विचारा, मांजर बघता का आणि एक्स-रे आहे का, नाहीतर सगळीकडं हिंडण्यात पिल्लाचे हाल. सरकारी पशुवैद्यकीय दवाखाना पण आहे, केसपेपर काढून दाखवता येतं. मी पहिल्यांदा जिथं गेलो तिथं टेबलवर ठेवायच्या आधीच "हे जगत नाही, सोडा" असं ऐकून परत आलो. एकानं असं सांगितलं तर दुसऱ्याला दाखवा.

न्यायचं रिक्षानं. मोटारसायकलवर पिशवीत घालून नेऊ नका, आपल्या रस्त्यांवर पावसाळ्यात काय खड्डे असतात सांगायला नको. भाजीवाल्यांचं प्लॅस्टिकचं कॅरेट घ्या, खाली घडी घातलेला टॉवेल, वर झाकण म्हणून दुसरं कॅरेट उलटं आणि सुतळीनं बांधायचं. हवा येते, पळून जात नाही, आणि पुढं हेच त्याचं घर होतं.

जाताना वजन करून न्या, किचनचा काटा नसेल तर कोपऱ्यावरच्या किराणावाल्याकडं. महिन्याला साधारण अर्धा किलोच्या आत-बाहेर असा हिशोब असतो, वायसर ४८० ग्रॅम भरली म्हणजे पाचेक आठवड्यांची. एवढ्या वजनाला औषध थेंबात असतं, म्हणून पुडीवर अंदाजे लिहिलेलं घेऊन येऊ नका, किती मिली आणि किती वेळा ते तिथंच सिरिंजवर खूण करून घ्या. ती सुई नसलेली १ मिलीची सिरिंज तोंडाच्या कडेनं, सुळ्याच्या मागं, थेंब थेंब. पिल्लू पोटावर बसलेलं पाहिजे, बाळासारखं उताणं करायचं नाही.

एक्स-रे दोन बाजूंनी काढायला सांगा, एकाच बाजूनं कधी कधी फट दिसतच नाही. वायसरचं नडगीचं हाड मोडलेलं, कातडी फुटलेली नव्हती, तुकडे जागेवर, म्हणून स्प्लिंटवर (पायाला आधार देणाऱ्या पट्टीवर) भागलं. मांडीचं हाड असेल तर बहुतेक वेळा आत पिन घालावी लागते. आणि हाडाचा चुराच झाला असेल, नस गेली असेल तर डॉक्टर पाय काढा म्हणतील. ऐकायला भयंकर वाटतं, पण तीन पायांची मांजरं भिंतीवर चढतात, उंदीर पकडतात, त्यांना आपल्यासारखी लाज वाटत नाही.

निघायच्या आधी एक विचारून घ्या, शू झाली का. कमरेला मार असला की मूत्राशय रिकामं होत नाही. दिवसभरात शू झाली नाही तर त्याच दिवशी परत दाखवायचं. आणि पिल्लू चार आठवड्यांपेक्षा लहान असेल तर ते स्वतःहून करतच नाही, प्रत्येक वेळी भरवल्यावर ओल्या कोमट कापसानं शेपटीखाली हळूच पुसायचं, आई चाटते तसं.

घरी: तीन आठवडे कॅरेटमध्ये

पिल्लाचं हाड पटकन जुळतं, मोठ्या मांजराला दोन-तीन महिने लागतात तिथं पिल्लाला तीन-चार आठवडे. पण ते तीन आठवडे खरंच आत ठेवलं तर. साधारण दोन फूट बाय दोन फूट जागा, वर उडी मारायला काही नाही, फिरकी घ्यायला जागा नाही. दोन कॅरेट शेजारी-शेजारी लावून मधली बाजू कापली की झालं. एका बाजूला झोपायला, दुसऱ्या बाजूला उथळ ट्रे, त्यात फाडलेला पेपर. गोळा होणारी विकतची लिटर (मांजराच्या शी-शूच्या ट्रेत घालतात ती माती) एवढ्या लहान पिल्लाला नको, खाऊन बसतात, आणि वाळू जखमेत जाते.

स्प्लिंट दिवसातून दोनदा बघायचा, सकाळी चहाच्या वेळी आणि रात्री. खाली मधली दोन बोटं दिसतील एवढी उघडी ठेवतात. त्या दोन बोटांची नखं शेजारी-शेजारी समांतर असली तर ठीक. नखं एकमेकांपासून फाकली म्हणजे बोटं सुजलीत, पट्टी घट्ट होतेय. बोटं गार, वास येतोय, पट्टी ओली, पिल्लू सतत कुरतडतंय, यातलं काहीही असेल तर उद्यावर ढकलायचं नाही. आणि ठीक दिसली तरी दर आठवड्याला बदलून घ्यायची कारण पिल्लू वाढत असतं, पट्टी वाढत नाही. चाटू नये म्हणून गळ्यात कॉलर लागते, बाजारातली एवढ्या लहान मापाची मिळाली नाही तर जुन्या एक्स-रेच्या फिल्मचा कोन करून कडेला कापडी टेप लावा. आईच्या गुडघ्याचा एक्स-रे वायसरच्या गळ्यात तीन आठवडे होता.

खाणं. गाईचं-म्हशीचं दूध नको, जुलाब लागतात आणि कॅरेटमधल्या पिल्लाला जुलाब म्हणजे पट्टीची वाट. पिल्लांच्या दुधाची पावडर मिळते ती, आणि चार आठवड्यांच्या पुढं असेल तर किटन फूड कोमट पाण्यात भिजवून, दर चार-पाच तासांनी थोडं थोडं. ते मिळेपर्यंत एक-दोन दिवस बिनमिठाचं उकडलेलं चिकन चालतं. आमच्या घरी वहिनीनं पहिल्या रविवारी वाटीत आळणी (मटण शिजवलेलं बिनतिखटाचं पाणी) काढून ठेवलं होतं, "ताकद यील की तिला". आळणीत मीठ असतं, आलं-लसूण असतं, कांदा असतो. कांदा-लसूण मांजराच्या रक्तपेशी फोडतो, शिजवलेला पण, वाळवलेला पण. वाटी मी प्यायलो.

रोज एकाच वेळी वजन करा. दिवसाला १०-१५ ग्रॅम वाढलं पाहिजे, सलग दोन दिवस वाढलं नाही तर पाय कितीही बरा दिसो, दाखवा. अंगावर पिसवा असतील तर बारीक कंगव्यानं काढायच्या, त्या रक्त पिऊन पिल्लाला पांढरं करतात. पण कुत्र्याची गोचिडाची पावडर किंवा स्पॉट-ऑन लावायचं नाही, त्यातलं परमेथ्रिन मांजराला झटके आणतं आणि मारतं.

बाराव्या दिवशीची चूक

बारा दिवस झाले, वायसर आतून कॅरेट हादरवायला लागली, स्प्लिंट आपटत नाचायची, म्हणून मी म्हटलं जरा बाहेर सोडू, शहाबादी फरशीवर. दहा सेकंद ठीक चालली आणि मग सरळ सोफ्यावर उडी, तिथून घसरून खाली. परत एक्स-रे, हाड थोडं सरकलेलं, एक आठवडा वाढला आणि पैसे गेले ते वेगळे. पिल्लाला दुखायचं थांबतं ते हाड जुळायच्या बऱ्याच आधी. ते बरं वागतंय म्हणजे बरं झालं असं नाही, एक्स-रेवर जुळलेलं दिसल्याशिवाय सोडायचं नाही. कंटाळा येत असेल तर कॅरेटच्या फटीतून सुतळीचं टोक हलवत बसा, तेवढ्यावर खूश होतात.

पट्टी निघाल्यावर पाय बारीक आणि ताठ दिसेल, घाबरू नका. पहिला आठवडा फरशीवर गोणपाट किंवा जुनी सतरंजी टाकून त्यावरच चालवायचं, दिवसातून तीन-चार वेळा पाच-पाच मिनिटं, खेळणं जमिनीलगत, हवेत नाही. पाय वाकवायचा-सरळ करायचा व्यायाम डॉक्टरनी हात धरून दाखवला तरच. वायसरनं तो पाय पूर्ण टेकवायला आणखी दोन आठवडे घेतले.

मधल्या काळात जंताचं औषध वजनाप्रमाणं देऊन घ्या. ट्रायकॅटची लस (मांजरांच्या तीन रोगांवरची एकत्र लस) सहा-आठ आठवड्यांपासून सुरू होते, तीन-चार आठवड्यांनी पुढचा डोस, आणि रेबीजची तीन महिन्यांची झाली की. पाय दुखतोय तोवर लस द्यायची का थांबायचं ते डॉक्टर ठरवतील, आमच्यानी पट्टी निघाल्यावर आठवड्यानं बोलावलं होतं आणि म्हणाले रविवारी येऊ नका, कुत्र्यांची गर्दी असते, वायसर घाबरून परत कुठंतरी उडी मारेल.